‘इतर शुल्क’ या रकान्याला लगाम कोण घालणार?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जून उजाडला की आपल्या अंकात प्रवेशाच्या रांगांचे फोटो येतात, कटऑफ येतो, कुठल्या शाखेला किती जागा तेही येतं. फी किती आणि ती गेल्या वर्षीपेक्षा किती वाढली, एवढंच येत नाही. ते कळतं थेट कॉलेजच्या खिडकीवर. तोवर मागे मोठी रांग लागलेली असते, शेवटची तारीख दुसऱ्या दिवसाची असते, आणि मुलीचा बाप खिशातले पैसे पुन्हा एकदा मोजून बाजूला होतो. भांडायचं कोणाशी आणि कधी?

नाशिकला जुन्या सीबीएस बसस्थानकाजवळ, कलेक्टर कचेरीच्या अंगाला, माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन कॉम्प्युटर, एक स्कॅनर, एक झेरॉक्स मशीन आणि बाहेर ठेवलेलं बाकडं. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, सीईटी, परीक्षेचा फॉर्म, शिष्यवृत्ती, सगळं इथं होतं. एसटीतून उतरलेली पोरं आधी माझ्याकडे येतात, मग कॉलेजला जातात. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, अर्ज भरायचा तर फीची रक्कम टाकावी लागते, पावती जोडावी लागते. त्यामुळे शहरातल्या बहुतेक कॉलेजांच्या पावत्या माझ्या स्कॅनरखालून जातात. कुठल्याच कॉलेजचं नाव इथं लिहीत नाही. एकाचं घेतलं की बाकीचे सुटतात, आणि मला कोणालाच सोडायचं नाही.

मी लिहितेय ते सरकारी आणि अनुदानित कॉलेजांबद्दल, म्हणजे जिथल्या प्राध्यापकांचे पगार सरकारी तिजोरीतून होतात त्यांच्याबद्दल. खासगी विद्यापीठांची फी लाखांत असते. ती परवडणारे माझ्या बाकड्यावर बसत नाहीत.

अशीच एक पावती सांगते. अनुदानित कॉलेज, बीएस्सीचं दुसरं वर्ष. पहिल्या ओळीत शिक्षण शुल्क, 800 रुपये. एवढंच वाचलं तर कोणीही म्हणेल, अजून काय स्वस्त हवं यांना? त्याखाली प्रवेश शुल्क, ग्रंथालय, प्रयोगशाळा, प्रयोगशाळा अनामत, जिमखाना, वैद्यकीय तपासणी, ओळखपत्र, नियतकालिक, विद्यार्थी कल्याण निधी, विद्यार्थी विमा, आपत्ती व्यवस्थापन, संगणकीकरण, परीक्षा विभाग, विकास निधी. आणि अगदी तळाला ‘इतर शुल्क’, ज्याला ना नाव ना गाव. एकूण बेरीज 7,360. म्हणजे ज्या ओळीवर सरकारचं लक्ष असतं ती 800ची, आणि ज्यावर कोणाचंच नसतं त्या ओळी साडेसहा हजारांच्या. मी त्या पोराला विचारलं, “नियतकालिकाचे पैसे भरलेस, अंक मिळाला का रे?” तो म्हणाला, “काकू, कॉलेजचं मासिक निघतं?”

अनामतीचंही तसंच. अनामत म्हणजे परत मिळायचे पैसे, हे मुलांना कोणी सांगत नाही. टीसी काढताना ज्यानं स्वतःहून मागितले त्याला मिळतात, तेही मूळ पावती दाखवल्यावर. तीन वर्षांपूर्वीची पावती कुठल्या पोराकडे सापडते? माझ्याकडे आलेल्यांना मी आता पावतीच्या दोन झेरॉक्स काढून देते आणि वरच्या कोपऱ्यात पेनानं ‘जपून ठेव’ लिहिते.

आता सरकार काय म्हणतं ते बघा. जुलै 2024 मध्ये शासन निर्णय निघाला. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. निर्णय चांगलाच आहे. मी स्वतः कितीतरी मुलींचे अर्ज भरलेत आणि त्यातल्या काही जणी खरोखर त्याच्या जोरावर शिकतायत. पण बातमी झाली ती ‘मुलींना उच्च शिक्षण मोफत’ अशी. त्यानंतरच्या महिन्यात दिंडोरीकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. बीसीएला प्रवेश घ्यायचा होता. “ताई, टीव्हीवर तर फुकट सांगितलं, मग हे एवढे कशाचे मागत्यात?” हातात कॉलेजनं दिलेला फीचा कागद. मी त्यांना समजावलं, की माफ आहे ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. त्याखालच्या ओळी माफ नाहीत. शिवाय बीसीए-बीबीएला 2024 पासून सीईटी आली. प्रवेश सीईटीच्या केंद्रीय फेरीतून झाला तरच ही सवलत मिळते. कॉलेज स्तरावर थेट भरलेल्या जागेवर गेलात की सवलत गेली. त्यांच्या मुलीनं सीईटी दिलीच नव्हती, कारण गावात कोणाला माहीत नव्हतं की बीसीएला सीईटी असते. ते बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले, मग म्हणाले, “मुक्तला टाकतो अन् सातपूरला कंपनीत कामाला लावतो.”

मुक्त विद्यापीठ आपल्याच गावचं, 1989 सालापासूनचं. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी त्याचे उपकार आहेत आणि त्याला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. पण सतरा-अठरा वर्षांच्या मुलीनं तिथं जावं ते आपणहून, कॉलेजच्या पावतीची बेरीज बघून नव्हे.

शिष्यवृत्ती आहे ना, मग फी वाढली तर बिघडलं काय, असं बरेच जण म्हणतात. विद्यापीठातले म्हणतात, मंत्री म्हणतात, माझे एक चुलत दीरही म्हणतात. त्यांना मी एक दिवस दुकानात बसायला बोलावलं आहे. अजून आले नाहीत. शिष्यवृत्ती फीच्या मागून चालते, तीही लंगडत. आधी अर्ज, मग कॉलेजची छाननी, मग विभागाची, मग बिल, मग निधी. मधेच कुठेतरी ‘पेंडिंग’ दिसतं आणि ते महिनोन्‌महिने तसंच दिसतं. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात. एका मुलीची रक्कम कुठं गेली ते शोधताना कळलं, की तिच्या भावानं सिमकार्ड घेतलं तेव्हा दुकानदारानं तिच्या आधारवर कुठल्याशा पेमेंट बँकेचं खातं उघडून टाकलं होतं, आणि शेवटचं जोडलेलं खातं म्हणून पैसे तिथं जाऊन पडले होते. मुलीला त्या खात्याचा पत्ताच नव्हता. कॉलेजनं मात्र तोवर तिचं हॉलतिकीट अडवलं होतं. पात्र मुलींकडून आगाऊ फी घेऊ नका अशा सूचना सरकार काढतं. त्या सूचनेची प्रिंट काढून मी मुलींना देते, खिडकीवर दाखवा म्हणते. खिडकीतला माणूस वाचतो, मान हलवतो आणि म्हणतो, सध्या भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ.

फी कमी असेल तर हे सगळं झेपतं. पैसे उशिरा आले तरी माणूस इकडून तिकडून भागवतो. फी वाढत गेली की हाच उशीर सावकारापर्यंत किंवा बचत गटाच्या कर्जापर्यंत नेतो. म्हणून माझं म्हणणं आहे की शिष्यवृत्ती वाढवणं हे फीवाढीला उत्तर नाही. मुळात वाढीलाच मर्यादा हवी, आणि ती पावतीच्या पहिल्या ओळीवर नाही, शेवटच्या बेरजेवर हवी. शिक्षण शुल्क गोठवून ठेवायचं आणि खालच्या पंधरा ओळी मोकळ्या सोडायच्या, हे दार बंद करून खिडकी उघडी ठेवण्यासारखं आहे.

हे असं का होतं, ते माझ्याकडे पेन्शनचे कागद करायला येणाऱ्या एका निवृत्त हेडक्लार्कनी समजावून सांगितलं. अनुदानित कॉलेजात शिक्षण शुल्काचा हिशेब सरकारच्या पगार-अनुदानाशी लागतो, त्यामुळे ते वाढवून कॉलेजच्या हाती फारसं काही लागत नाही. बाकीच्या हेडचे, म्हणजे खालच्या ओळींचे, पैसे मात्र कॉलेजपाशी राहतात. वाढवायचं तर तेच वाढवणार, साधी गोष्ट आहे.

माझी मुलगीही अशाच एका कॉलेजात शिकते. माझे मिस्टर अंबडला एका कंपनीत कंत्राटावर आहेत, म्हणजे ऑर्डर असली तर ओव्हरटाइम आणि नसली तर घरी बसा. तिच्या पहिल्या वर्षाची फी भरली तेव्हा आम्ही हिशेब केला की तीन वर्षं अशीच धरली तर जमतंय. दुसऱ्या वर्षी खिडकीवर गेले तर आकडा जवळपास दीडपट. मी विचारलं, हे कशामुळे? आतल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, “वरून आलंय, मॅडम. बोर्डावर लावलंय.” बोर्ड जिन्याखाली. त्यावर परीक्षेचं वेळापत्रक, कोणाची तरी हरवलेली बॅग, एनएसएसच्या शिबिराची सूचना आणि या सगळ्याखाली अर्धवट झाकलेला एक कागद, इंग्रजीत, वाढीव फीचा. तारीख बघितली तर प्रवेश सुरू झाल्यानंतरची. मी दुकान चालवते, फॉर्म भरणं हा माझा धंदा आहे, तरी मला तो कागद शोधावा लागला. पेठ तालुक्यातून आलेल्या आईनं काय करायचं?

शेवटी भरले आम्ही पैसे. मुलीला काय सांगणार, दुसऱ्या वर्षी कॉलेज बदल? एकदा आत गेलेल्या विद्यार्थ्याला बाहेर पडता येत नाही, हे कॉलेजला माहीत असतं. पहिल्या वर्षी फी बघून माणूस दुसरीकडे जाऊ शकतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी क्रेडिट अडकलेले असतात, विषय जुळत नाहीत, टीसी मिळायला महिना जातो. अशा वेळी केलेली वाढ ही वाढ नसते, अडवणूक असते. म्हणून माझी पहिली मागणी साधी आहे. ज्या वर्षी ज्या फीवर प्रवेश दिला, पदवी पूर्ण होईपर्यंत तीच फी. वाढवायची असेल तर पुढच्या बॅचला वाढवा, आणि तेही प्रवेश अर्ज सुटण्याच्या आधी जाहीर करून. नवीन शैक्षणिक धोरणात पदवी आता चार वर्षांचीही झाली आहे, मग चौथ्या वर्षाचा आकडाही पहिल्याच दिवशी हातात ठेवा.

यात एक गंमत आहे, ती मला दुकानात बसूनच कळली. खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग, फार्मसी कॉलेजांच्या फीसाठी राज्यात 2015चा कायदा आहे, शुल्क नियामक प्राधिकरण आहे. त्यांच्या संकेतस्थळावर कॉलेज शोधलं की मंजूर फी दिसते, शिक्षण शुल्क इतकं, विकास शुल्क इतकं. पालक येतात, मी दाखवते, प्रिंट काढून देते. पण लोकांच्या करावर चालणाऱ्या कॉलेजची एकूण फी बघायची तर असं एक ठिकाण नाही. विद्यापीठाची परिपत्रकं असतात, कॉलेजांची माहितीपत्रकं असतात, कुठे मागच्या वर्षीचंच माहितीपत्रक तारीख बदलून टाकलेलं असतं. 2016च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात शुल्क निश्चितीसाठी समितीची तरतूद आहे. त्या समितीसमोर पालकानं कधी, कुठं, कसं बोलायचं, हे मला तरी अजून कोणी सांगितलेलं नाही. स्वायत्त झालेली कॉलेजं परीक्षा स्वतः घेतात, त्यामुळे परीक्षेचे पैसेही त्यांच्याच पातळीवर ठरतात, आणि सेमिस्टर पद्धतीत ते वर्षातून दोनदा भरावे लागतात.

महावितरणला विजेचा दर वाढवायचा असेल तर आधी वीज नियामक आयोगाकडे प्रस्ताव द्यावा लागतो. तो पेपरात छापून येतो, लोकांकडून हरकती मागवतात, सुनावणी होते. त्यानंतरही दर वाढतात ते वाढतातच, मी काही भाबडी नाही. पण का वाढवताय याचं उत्तर कागदावर द्यावं लागतं. जानेवारी 2025 मध्ये एसटीचं भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं. ते कंडक्टरपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांना दशांशासकट पाठ होतं. माझ्या मुलीची फी किती टक्क्यांनी वाढली, ते मला स्वतःला कॅल्क्युलेटर घेऊन काढावं लागलं.

2018 मध्ये महापालिकेनं घरपट्टी वाढवली तेव्हा नाशिककर रस्त्यावर आले होते, महासभा गाजली होती, आपल्याही अंकाची पानं त्यानं भरली होती. फीवाढीवर असं काही का होत नाही? मला वाटतं याचं कारण असं, की घरपट्टी भरणारा माणूस वीस वर्षं तोच असतो. फी भरणारा तीन वर्षांत बदलतो. पहिल्या वर्षी त्याला काही कळत नाही, दुसऱ्या वर्षी कळतं, तिसऱ्या वर्षी तो म्हणतो, जाऊ दे आता एकच वर्ष राहिलं. नवीन आलेल्याला जुनी फी माहीतच नसते, त्याला वाटतं इथं हीच असते. त्यात मुलांच्या वतीनं बोलणारा निवडून आलेला प्रतिनिधी नाही. कॉलेजांतल्या थेट निवडणुका नव्वदच्या दशकात बंद झाल्या. 2016च्या कायद्यानं त्यांची वाट मोकळी केली, 2019 मध्ये घ्यायच्या ठरल्या आणि पुढे ढकलल्या गेल्या. संघटना निवेदनं देतात, प्राचार्यांबरोबर फोटो काढतात, फोटो स्टेटसला लागतो, संपलं. आदिवासी विकास आयुक्तालय आपल्याच शहरात आहे म्हणून वसतिगृहाच्या आणि भत्त्याच्या प्रश्नावर आदिवासी मुलं मोर्चा तरी काढतात. बाकीच्यांना तेवढंही जमत नाही.

कॉलेजांची बाजू मला कळत नाही असं नाही. लाइटबिल वाढलंय, प्रयोगशाळेतली रसायनं महागलीत, इमारत गळते. सरकार पगार देतं, पण वेतनाव्यतिरिक्तच्या खर्चाला हात आखडता घेतं. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत, त्या जागी तासिका तत्त्वावर मुलं-मुली शिकवतात. त्यांचंही बिल वेळेवर निघत नाही. त्यांतले दोघे-तिघे माझ्याकडे नेट-सेटचे, म्हणजे प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांचे, फॉर्म भरायला येतात. पीएचडी झालेला माणूस फॉर्मची फी पुढच्या आठवड्यात देतो म्हणतो, तेव्हा मलाच लाज वाटते. कोठारी आयोगानं 1966 मध्ये शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करा म्हणून सांगितलं, 2020च्या धोरणात पुन्हा तोच सहाचा आकडा लिहिला. लिहायला पैसे लागत नाहीत. सरकारनं आपला वाटा उचलला नाही की कॉलेज तो पालकाच्या खिशातून काढतं, हे मला मान्य आहे. पण मग कॉलेजनं तसं लिहून द्यावं. पावतीवर ‘सरकारनं न दिलेले पैसे’ असं एक हेड करावं. निदान कोणाला शिव्या द्यायच्या ते तरी कळेल.

अजिबात वाढ नको असंही मी म्हणत नाही. आठ-दहा वर्षं फी तशीच ठेवायची आणि मग एका फटक्यात दीड-दोनपट करायची, याला माझा विरोध आहे. दरवर्षी महागाई जितकी वाढली तितकी, त्याहून जास्त नाही, आणि ती एकूण रकमेवर मोजायची. सरकारी नोकरांचा महागाई भत्ता ठरवायला आकडा सापडतो, तर फीसाठीही सापडेल. त्याहून जास्त हवी असेल तर कॉलेजनं हिशेब लावावा, सुनावणी घ्यावी, आणि ती नाशिकला घ्यावी, पुण्याला नाही. पुणे विद्यापीठाचं उपकेंद्र इथं आहे ना? की ते फक्त गुणपत्रिकेतलं नाव दुरुस्त करायला?

ज्या सेवेचे पैसे घेता ती मिळालीच पाहिजे, हेही त्यात यावं. कोविडमध्ये कॉलेजं बंद होती तेव्हा जिमखाना, ग्रंथालय अशा न वापरलेल्या बाबींवर विद्यापीठानं सवलत दिली होती. म्हणजे हेड कमी करता येतात, आकाश कोसळत नाही.

आणि तारखांचं काही तरी करा. फीची तारीख ठरवणाऱ्यांना आपल्या जिल्ह्याचं पीकपाणी माहीत नसावं. जून-जुलैत शेतकऱ्याचा पैसा बियाण्यात आणि खतात अडकलेला असतो. द्राक्षवाल्यांचा माल मार्च-एप्रिलपर्यंत जातो, पण व्यापाऱ्याचा पैसा कधी येईल आणि येईल की नाही याचा भरवसा नसतो, हे निफाड-दिंडोरीत कोणालाही विचारा. लाल कांद्याचे पैसे हिवाळ्यात होतात. डिसेंबर 2023 मध्ये केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा चांदवडकडचा एक मुलगा माझ्याकडे दुसऱ्या हप्त्याची मुदत वाढवून मागायचा अर्ज लिहून घ्यायला आला होता. कारण काय लिहू, असं विचारलं तर म्हणाला, “काकू, निर्यातबंदी लिहा.” मी लिहिलं. कॉलेजनं अर्ज नाकारला आणि रोजचा दंड लावला. निर्यातबंदी मे 2024 मध्ये उठली, त्याचा दंड काही उठला नाही. हप्ते करून देणं हा उपकार समजू नये, चार हप्त्यांचा हक्क असावा आणि दंड लावायचाच तर त्यालाही कमाल मर्यादा असावी.

एकाच फाटकातून आत जाणाऱ्या दोन रांगांबद्दल थोडं लिहिते, कारण पुढचा धोका तिथं आहे. एक रांग अनुदानित तुकडीची, दुसरी विनाअनुदानित. बोर्ड एकच, प्राचार्य एकच, बहुतेक वेळा वर्गही तेच. अनुदानित तुकड्या वाढत नाहीत, दुसऱ्या वाढतात. तिथली फी कित्येक पट असते. पालकाला वाटतं आपण सरकारमान्य जुन्या कॉलेजात चाललोय, फी बघितल्यावर कळतं की आपण दुसऱ्याच रांगेत उभे आहोत. मर्यादा घालताना ही तुकडी वगळली तर उद्या सगळे अभ्यासक्रम हळूहळू त्याच रांगेत जाऊन बसतील. 1987चा कॅपिटेशन फीविरोधी कायदा ठरलेल्या फीपेक्षा जास्त घ्यायला मनाई करतो. पण ठरलेली फीच जास्त असली तर तो कायदा काय करणार?

आता आपल्याकडे एक मागणं. आपल्या पेपरात रोज लासलगाव-पिंपळगावचा बाजारभाव येतो. किमान, कमाल, सरासरी, सगळं. तसाच मे महिन्यात एक तक्ता छापा. नाशिक जिल्ह्यातलं प्रत्येक सरकारी आणि अनुदानित कॉलेज, समोर मागच्या वर्षीची एकूण फी, त्यासमोर या वर्षीची, आणि शेवटच्या रकान्यात ‘इतर शुल्क’ किती. कॉलेजांना पत्र पाठवून मागा. जे देणार नाहीत त्यांच्यापुढे ‘माहिती दिली नाही’ एवढंच छापा, तेही पुरेसं आहे. पालकांनाही पावत्या पाठवायला सांगा, नाव आणि नंबर झाकून. दुसऱ्या वर्षाची पावती आणि पहिल्या वर्षाची पावती शेजारी शेजारी ठेवली की भाषण करायची गरज पडत नाही. माझ्या मुलीच्या दोन्ही पावत्यांच्या झेरॉक्स या पत्राला जोडल्या आहेत. ज्या पालकांना पावती पाठवायची आहे आणि स्कॅन कशी करायची ते कळत नाही, त्यांच्यासाठी हे काम मी फुकट करून देईन. फक्त दुपारी एक ते दोन येऊ नका, तेव्हा मी जेवते.

आपली,
एक फॉर्म भरणारी, जुने सीबीएस, नाशिक
(नाव व पत्ता संपादकांकडे)